विट्याहून गुहागर: कयाक, गळ आणि अष्टमीचा मुहूर्त

गुरुवार, सप्तमी. विटा

मे महिन्यात विट्यात बसून समुद्राच्या गप्पा मारणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनंच बघतात. ऊन चाळिशीला टेकलेलं, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं देशभर पांगलेली माणसं लग्नसराईला गावी आलेली, आणि आमच्या अंगणात दोन अकरा फुटी कयाक, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावा, उताण्या पडलेल्या. पण आमच्या गावातून जाणाऱ्या रस्त्याचं नावच गुहागर-विजापूर आहे. एका टोकाला गोल घुमट, दुसऱ्या टोकाला समुद्र. मधे आम्ही.

मंडळी तीनच. मी, धाकटा भाऊ आणि दाजी. दाजी तासगावचे द्राक्षवाले, एप्रिलची खरड छाटणी उरकून थोडे मोकळे झालेले. कयाक भावाच्या. त्यानं पुण्यातून जुन्या घेतल्या, वर बसायच्या जातीच्या, म्हणजे आत पाणी साठत नाही, तळाच्या भोकांतून निघून जातं. वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी उचलली तर हलकी आणि एकट्यानं वाळूतून ओढली तर जड.

तारीख ठरवताना दाजींनी आधी शनिवार-रविवार धरले होते. खरं तर आधी तिथी धरायची आणि मग रजा मागायची. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी साधारण सहाला भरती आणि संध्याकाळीही सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. बंदराप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचे भरती-ओहोटीचे आकडे शेजारी ठेवायचे. पण आठवडा निवडायला तिथी पुरते.

अष्टमीच का, तर एका दगडात दोन पक्षी. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला चढतं पाणी हवं, आणि ते उजाडताना किंवा मावळताना मिळालं तर सोन्याहून पिवळं. कयाकवाल्याला पाण्याची ओढ कमी हवी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरानं चढतं, जोरानं उतरतं, खाडीच्या तोंडाशी तर विचारूच नका. अष्टमीच्या अलीकडेपलीकडे भांग असते, चढउतार कमी, ओढ कमी. शिवाय 1 जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि समुद्रही तोवर बिघडलेला असतो. त्यामुळे मेच्या मध्यातली ही अष्टमीच काय ती हातात होती.

दुपारी ऊन कलल्यावर गावाबाहेरच्या तलावावर गेलो. हा तलाव टेंभू योजनेच्या पाण्यानं भरतो. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं आमच्या माळावर चढवतात. सरावासाठी थेट कृष्णा का नाही, असं कुणी विचारेल. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत आणि उन्हाळा हा त्यांचा अंडी-पिल्लांचा हंगाम. त्यांच्या घरात जाऊन उलथापालथीचा सराव करण्यात शहाणपण नाही.

सराव एकच. पडायचं आणि चढायचं. मुद्दाम कयाक उलटी करायची, वल्हं सोडायचं नाही, उलट्या नावेखालून पलीकडची कड पकडून ती सरळ करायची, मग पोटावर आडवं पडून, पाय मारत वर यायचं आणि शेवटी फिरून बसायचं. लाइफ जॅकेटचे पट्टे सैल असले तर जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि माणूस आतल्या आत लोंबकळतो. दाजींचं पोट आणि जॅकेट यांचा करार व्हायला वेळ लागला, पण अंधार पडेपर्यंत तिघंही कुणाच्या मदतीशिवाय वर चढत होतो. ज्याला हे जमत नाही त्याला समुद्रावर न्यायचं नाही, हे भावानं आधीच सांगून ठेवलं होतं. दाजी मोठे असले तरी नियम त्यांनाही लागू.

काठावर म्हसरं घेऊन आलेले एक आजोबा हे सगळं बघत होते. पुरात गुळाच्या काहिलीत बसून नदी पार केलेल्या पिढीतले. ते म्हणाले, "काहिलीपरास बरी हाय की रं. पण पडतायसा कशापायी सारखं?"

रात्री जेवल्यावर एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या आणि गाडीच्या काचेला चिकटवल्या. सकाळी नऊनंतर कयाक पाण्यात नाही. शिट्टी ऐकू येईल एवढंच एकमेकांत अंतर. एक माणूस कायम किनाऱ्यावर, चार्ज केलेला फोन आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर घेऊन. आणि लाट फुटते तिथं ती कमरेच्या वर असेल तर त्या दिवशी नाव उतरवायची नाही, मग कितीही लांबून आलेलो असू.

शुक्रवार, अष्टमी. कराड, पाटण, कुंभार्ली, गुहागर

पहाटे चारला निघालो. टपावर दोन कयाक, पट्ट्यांनी आवळलेल्या, आणि पुढच्या-मागच्या टोकांना वेगळे दोर. हे दोर लोक टाळतात. हायवेच्या वाऱ्यात कयाकचं नाक उचललं जातं आणि सगळा ताण टपावरच्या दांड्यावर येतो, त्यामुळे नाकाचा दोर हवाच. बारा फुटी रॉड दोन तुकड्यांत, पीव्हीसी पाइपच्या नळकांड्यात.

कडेपूर, कराड, पाटण. कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला समोरासमोर भेटते आणि पुढे दोघींचं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जातं. निदान भूगोलाच्या पुस्तकात असंच असतं. कोयनानगरला चहा घेताना भावानं दुसरी बाजू सांगितली. धरणाची क्षमता 105 टीएमसीच्या वर, आणि त्यातलं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाची मुभा आहे. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला कोसळतं, टर्बाइन फिरवतं, कोळकेवाडीहून पुढे वाशिष्ठीत जातं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे टेंभूचं पाणी पंप लावून डोंगर चढतं आणि कोयनेचं पाणी डोंगर फोडून उतरतं. आमच्या भागात पाण्याला स्वतःच्या मनानं कुठं जायची सोयच ठेवलेली नाही. दाजी म्हणाले, "मग आपण बी पाण्याच्याच वाटंनं चाललोय की."

कुंभार्ली घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. चिपळूणला बर्फ, कोळंबी आणि तारली घेतली. कोळंबी आमिषाला, तारलीही आमिषाला. दाजींनी शेजारची सुरमई बोटानं दाबून पाहिली, तेव्हा भाऊ म्हणाला, आपण मासे पकडायला निघालोय, विकत घ्यायला नाही.

दहाच्या आत गुहागर. मुक्काम सुरूच्या बनाजवळच्या एका घरगुती खानावळीत. सामान टाकून पहिलं काम केलं ते जवळच्या पोलिसांना कळवण्याचं. तीन माणसं, दोन नावा, अमुक वेळ, अमुक ठिकाण. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी नावेकडे लक्ष असतं आणि ते योग्यच आहे. शिवाय आपण वेळेत परतलो नाही तर शोधणाऱ्याला निदान कुठं बघायचं ते ठाऊक असतं.

खरा अभ्यास दुपारी बाराच्या रखरखीत. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. लोक या वेळी जेवून झोपतात आणि संध्याकाळी पाणी चढल्यावर येऊन कुठंतरी गळ भिरकावतात. ओहोटीला किनारा आपली पाठ उघडी टाकतो. कुठं वाळूचा उंचवटा आहे, त्याच्या आत कुठं खोलगट पट्टा आहे, तो पट्टा समुद्राकडे कुठं फुटतो, सगळं दिसतं. लाट दूरवर एकदा फुटते, मधे शांत होते आणि काठाशी पुन्हा फुटते, ती मधली शांत जागा म्हणजे खोलगट पट्टा. मासे चढत्या पाण्याबरोबर तिथं चरायला येतात. आणि जिथं लाटा फुटतच नाहीत, पाणी गडद दिसतं आणि फेस समुद्राकडे जाताना दिसतो, ती परतीच्या ओढीची जागा. गळाला ती चांगली, पोहणाऱ्याला वाईट. सुट्टीतले पर्यटक नेमके तिथंच उतरतात, कारण तिथं पाणी 'शांत' दिसतं. आम्ही फोटो काढले आणि खुणा सुरूच्या झाडांवर धरल्या. एक वाकडं झाड, एक तुटक्या शेंड्याचं.

चारला गळ टाकायला सुरुवात. रॉड बारा फुटी, रीळ 8000 नंबरचं, त्यावर तीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे दोन रॉडभर लांबीचं जाड तंगूस, फेकताना बसणारा हिसका सोसायला. खाली शंभर ग्रॅमचं शिसं आणि त्याच्या वर आखूड फांद्यांवर दोन गळ. मोठ्या माशाच्या हावेनं मोठा गळ लावायची गरज नसते. काठाच्या पट्ट्यात फिरणारी मुडदुशी तोंडानं लहान, तिला लहान गळ आणि सोललेल्या कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. आमिष बारीक लवचिक धाग्यानं गुंडाळायचं, नाहीतर फेकतानाच ते वेगळ्या दिशेला जातं आणि गळ वेगळ्या.

पहिला तास खेकड्यांनी खाल्ला. मग बाजूला पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, घेऊन उभे असलेले एक खारवी काका जवळ आले. त्यांनी दोन फेकींत बोयांचा पसाभर ढीग काढला होता. आमच्या रॉडकडे बघून म्हणाले, "एवढ्या लांब टाकताय, पण मासा तुमच्या पायाशी आलाय. पाणी चढतंय ना, तो आत येतो. तुम्ही त्याच्या डोक्यावरनं टाकताय."

आम्ही फेक निम्म्यावर आणली. साडेपाच ते साडेसहा या तासाभरात चार मुडदुश्या आणि दोन शिंगाळे. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर, दोन बाजूच्या परांशी, आणि तिन्ही विषारी. काकांनी पक्कड मागून घेतली, मासा पायाखाली न दाबता फडक्यात धरला आणि काटे कडाकडा मोडून मगच गळ काढला. लागलाच काटा तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना उतरते, हेही सांगितलं. पाकटाच्या नांगीलाही हाच उपाय, आणि दोन्हींना पुढे डॉक्टर. पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूतून घासत न्यायचे, म्हणजे वाळूत पडलेलं पाकट आधीच सरकतं.

अंधार पडल्यावर आवरलं. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि मेपर्यंत पिल्लं बाहेर पडतात. रात्री हेडलाइट लावून वाळूत फिरणं तिथं गैरच.

शनिवार, नवमी. समुद्रात

पहाटे पाचला मतलई वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्याचा उपयोग असा कधी होईल वाटलं नव्हतं. रात्री जमीन निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेची तोंडं गुळगुळीत होतात. कयाकवाल्याला हाच वारा फसवतो. जाताना वल्हं मारायला जोर लागत नाही, समुद्र तळ्यासारखा, आणि परत फिरल्यावर कळतं की आपण वाऱ्यानं आलो होतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांनी वळून किनाऱ्याकडे थोडं वल्हवून बघायचं. तेवढंच अंतर यायला किती लागतं, त्यावर पुढे किती जायचं ते ठरतं.

भरती पावणेसातची. किनाऱ्याच्या दक्षिणेला, असगोलीच्या बाजूला लाट जरा मवाळ होती. दाजी किनाऱ्यावर, मी आणि भाऊ पाण्यात. लाटा टोळीनं येतात. काही मोठ्या, मग थोडी उसंत. आम्ही चांगली दहा मिनिटं नुसते मोजत उभे राहिलो. उसंत आली की नाव सरळ समुद्राकडे, उडी मारून बसायचं आणि मागं न बघता वल्हं. नाव जरा आडवी झाली की संपलं. मी दुसऱ्या लाटेला छातीवर पाणी घेतलं, पण बाहेर पडलो.

फुटत्या लाटांच्या पलीकडे गेल्यावर समुद्र एकदम मोठा होतो. सुरूची झाडं हिरवी रेघ झालेली, दाजींचा लाल टॉवेल दिसतोय न दिसतोय. मागं बारीक मिनो, म्हणजे माशाच्या आकाराचं नकली आमिष, सोडून खडकांना समांतर हळूहळू वल्हवत राहिलो. रॉड खाचेत, दोरीनं नावेला बांधलेला. वल्हंही बांधलेलं. कयाकवर जे बांधलेलं नाही ते समुद्राला दिलेलं, असा भावाचा हिशेब.

आठच्या सुमारास भावाचा रॉड वाकला. मासा पृष्ठभागावर येऊन उड्या मारू लागला, तेव्हाच कळलं की टोळ आहे. हातभर लांब, चोच दातांनी भरलेली. नावेत घेताना ती चोच मांडीपासून लांब ठेवायची कसरत बघण्यासारखी होती. मला एक ओढ लागली आणि सुटली. ती ओढ कसली होती यावर रात्री बरीच चर्चा झाली. दाजींनी किनाऱ्यावर बसून ती रावस होती असं ठामपणे सांगितलं.

साडेआठला परत. येताना लाट मागून ढकलते, तेव्हा वेगाचा मोह सोडायचा. मोठी लाट पुढे जाऊ द्यायची आणि तिच्या पाठीवर बसून यायचं. आणि उतरल्यावर नाव आणि किनारा यांच्या मधे उभं राहायचं नाही. अठ्ठावीस किलोची कयाक पुढच्या लाटेबरोबर गुडघ्यावर आली तर गुडघा राहत नाही.

नऊनंतर रिकामेच होतो म्हणून धोपाव्याच्या धक्क्यावर गेलो. पलीकडे दाभोळ, मधून फेरीबोट. वाशिष्ठीचं पाणी ओहोटीबरोबर समुद्राकडे निघालेलं. अकरापर्यंत खारा वारा उठला, पाण्याच्या बरोबर उलट दिशेनं. बघता बघता खाडीच्या तोंडाशी पाणी उभं राहिलं. लाटा उंच नव्हत्या, पण आखूड, उभ्या आणि एकमेकींना चिकटलेल्या. फेरीबोटीला काही वाटलं नाही. कयाकला वाटलं असतं. भावाच्या मूळ बेतात ही खाडी ओलांडणं होतं. तो धक्क्यावर बराच वेळ उभा होता, मग म्हणाला, "दाद्या, हे काट." मी कागदावरून काटलं. खाडीत आत, चिपळूणच्या बाजूला मगरीही आहेत, म्हणजे तिकडेही सांगलीसारखंच.

संध्याकाळी वाकड्या झाडासमोर तिघांनी मिळून सात मुडदुश्या. खानावळीच्या वहिनींनी त्या रव्यात तळल्या. टोळाची हाडं हिरवी निघतात, ते बघून दाजींनी ताट सरकवलं. मासा चांगला असतो. मी खाल्ला.

रविवार, दशमी. लाट

सकाळी वारा नव्हता, आकाश स्वच्छ, आणि तरी समुद्र वेगळाच. काल दोन लाटांत आठ-नऊ सेकंद जात होते, आज मोजले तर चौदा-पंधरा. लाट लांबून दिसायचीच नाही. काठाजवळ आली की अचानक उभी राहायची आणि अख्खी कोसळायची. इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा आदल्या रात्रीच आला होता. या दिवसांत हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांची लाट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते, इथं वाऱ्याची झुळूकही नसताना. ती कमरेच्या वर होती, छातीला होती. कागद गाडीच्या काचेवरच होता, त्यामुळे वाद घालायला जागा उरली नाही. दाजींनी मात्र घातला. इतक्या लांब आलोय, एकदा बघू की, वगैरे. भाऊ काही न बोलता कयाक टपावर बांधायला लागला.

गळही नीट टाकता येईना. शंभर ग्रॅमचं शिसं मिनिटाभरात काठाला येऊन पडे. संध्याकाळी हेदवीला गेलो, दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग बामणघळ. खडकातली अरुंद चीर, भरतीच्या वेळी लाट त्यात घुसते आणि पाणी उसळून वर जातं. दशमीची भरती साडेसातची. आम्ही कडेपासून लांबच थांबलो. तुषार उडत होते ते ठीक, पण चीर भरताना येणारा आवाज पोटात जाणवत होता. सेल्फीवाल्या पोरांना दाजींनी दोनदा मागं ओढलं. सकाळचा वाद त्यांनी पुन्हा काढला नाही.

सोमवार, एकादशी. परत

वहिनींनी एकादशीची साबुदाण्याची खिचडी दिली, त्यामुळे मासे न मिळाल्याचं दुःखही उपवासात जमा झालं. निघताना खारवी काका भेटले. पुन्हा यायचं तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवू द्या, दिवाळी झाली की या, तेव्हा सकाळचा वारा बरा असतो, असं म्हणाले. पाग टाकायला शिकवतो म्हणाले, पण रॉड घरी ठेवून या.

घाट चढताना पुढच्या खेपेची यादी झाली. कयाकसाठी रुंद चाकांची ढकलगाडी हवी, बारीक चाकं वाळूत रुततात. जाड रॉड दोन कमी, त्याऐवजी एक हलका नऊ फुटी, पायाशी आलेल्या माशासाठी. खाडी ओलांडणं रद्दच. शिसं चपट्या, टोकदार घडणीचं, वाळूत रुतून बसणारं. दाजींनी स्वतःसाठी एक नंबर मोठं जॅकेट लिहायला सांगितलं.

दुपारी विट्यात पोचलो. रिळं, पक्कड, कयाकचे बोल्ट, सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं होतं, कारण मीठ एका रात्रीत गंज धरतं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, संध्याकाळी सहाला येतो.